"पुरावा काय?" – छोट्या संस्थेने स्वतःलाच तपासायच्या पद्धतीचा रिव्ह्यू, दीड वर्ष वापरून

पुण्यात सहकारनगरच्या खाली, अरण्येश्वरच्या बाजूला आंबिल ओढ्याच्या काठाने ज्या वस्त्या आहेत त्यातल्या एकीत आमची अभ्यासिका चालते. दोन खोल्या, चार शिक्षिका मानधनावर, सात-आठ कॉलेजची मुलंमुली व्हॉलंटियर म्हणून येतात आणि पहिली ते दहावीची मुलं संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ बसतात. मी नऊ वर्षं संस्थेची सचिव आहे, दिवसा नोकरी करते. गेल्या दीड वर्षात आम्ही क्वालिटी स्टँडर्ड, म्हणजे चांगल्या संस्थेत काय काय असावं याची यादी, समोर ठेवून आमच्याच संस्थेचं मूल्यमापन केलं, म्हणजे सेल्फ असेसमेंट, आणि तेव्हापासून इतर संस्थांमधले ओळखीचे लोक सारखे विचारतात की उपयोग होतो का, पैसे किती जातात, वेळ किती लागतो, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. लांबलचक होणार आहे, चहा घेऊन बसा.

वापरलं काय ते आधी. इंग्लंडमध्ये छोट्या सेवाभावी संस्थांसाठी पीक्वासो नावाची पद्धत निघाली, लंडनच्या चॅरिटीज इव्हॅल्युएशन सर्व्हिसेस नावाच्या संस्थेने १९९७ साली काढलेली. २०१४ मध्ये ती संस्था एनसीव्हीओ या तिकडच्या स्वयंसेवी संस्थांच्या मोठ्या संघटनेत विलीन झाली आणि पुढे पद्धतीचं नावही बदलून ट्रस्टेड चॅरिटी झालं. नंतरच्या आवृत्तीत अकरा विषय आहेत, कारभार, नियोजन, नेतृत्व, ज्यांच्यासाठी काम करतो ती माणसं, कार्यकर्ते, शिकणं, पैसा, साधनं, बाहेरच्यांशी बोलणं, इतर संस्थांबरोबरचं काम आणि शेवटी कामाचा परिणाम. प्रत्येक विषयाखाली साधी विधानं असतात, "आमच्याकडे असं असं आहे" या धर्तीची, आणि तुम्ही ठरवायचं की ते तुमच्याकडे खरंच आहे का, अर्धवट आहे का, की नाहीच. शेजारी एक रकाना असतो पुराव्याचा. बाहेरच्या माणसाला बोलावून शिक्का मिळवता येतो पण तो नंतरचा भाग, आधी स्वतः बसून भरायचं.

त्याच्या जोडीला आपल्याकडच्या क्रेडिबिलिटी अलायन्स या स्वयंसेवी संस्थांच्या गटाचे नॉर्म्स, म्हणजे संस्थेने पाळायचे निकष, घेतले, ते दोन थरांत आहेत, एक मिनिमम आणि एक डिझायरेबल. हे भारतातल्या संस्थांसाठीच लिहिलेले असल्यामुळे प्रश्न थेट अंगावर येतात. कार्यकारी मंडळाची बैठक वर्षातून निदान दोनदा होते का, त्याची मिनिट्स लिहून सगळ्यांना पाठवता का, मंडळावरच्या कुणाला पैसे दिले असतील तर ते जाहीर करता का, आणि मला सगळ्यात आवडलेला म्हणजे संस्थेच्या प्रमुखाचा, सगळ्यात जास्त पगाराच्या तिघांचा आणि सगळ्यात कमी पगार असलेल्या माणसाचा आकडा वार्षिक अहवालात छापायचा. या एका ओळीवर आमच्याकडे पूर्ण एक रविवार गेला कारण सगळ्यात कमी मानधन कुणाला आहे हे ट्रस्टींपैकी निम्म्यांना माहीतच नव्हतं. आमच्या खोल्या झाडून पुसून देणाऱ्या मावशींना. किती ते ऐकल्यावर खोलीत कुणी बोललं नाही, आणि त्याच बैठकीत ते वाढवायचा ठराव झाला. मी नऊ वर्षं ट्रस्टींच्या बैठकीला बसतेय, एवढ्या कमी वेळात झालेला दुसरा ठराव मला आठवत नाही.

पद्धत आम्ही आमच्या सोयीने बसवली. महिन्यातून दोन रविवार, सकाळी नऊ ते साडेअकरा, एका बैठकीत एकच विषय, विषय मोठा असेल तर दोन बैठका. बसायचं अभ्यासिकेतच, कुणाच्या घरी नाही, कारण घरी बसलं की गप्पा होतात आणि फाईल आणायची राहते. आणि पहिल्या दिवशीच ठरवलं की फक्त ट्रस्टींनी बसायचं नाही, एक शिक्षिका, एक व्हॉलंटियर आणि एक पालक प्रत्येक वेळी पाहिजेच. हे फार महत्त्वाचं आहे, मी पुढे सांगते का ते.

भाषेचं काम आधी करावं लागलं. मूळ सगळं इंग्रजीत, आणि नुसतं भाषांतर करून भागत नाही. पहिल्या रविवारी "आमच्या संस्थेचे गव्हर्नन्स परिणामकारक आहे" असं मी वाचून दाखवलं तर सगळ्यांनी "हो, आहे" म्हणून मान हलवली, पूर्ण अशी खूण झाली आणि पाच मिनिटांत आम्ही पुढच्या ओळीवर. मग आमच्या एका शिक्षिकेने विचारलं, ताई, गव्हर्नन्स म्हणजे नक्की काय? तिथे मी थांबले. घरी जाऊन सगळी विधानं पुन्हा लिहून काढली, आपण बोलतो तशी. गव्हर्नन्सचं झालं "निर्णय कोण घेतं आणि ते कुठे लिहिलेलं असतं". आउटकमचं झालं "मुलांमध्ये काय बदललं आणि ते तुम्हाला कसं कळलं". बेनिफिशरी हा शब्दच काढून टाकला, मुलं आणि पालक असं लिहिलं. तिकडच्या कायद्याचे जे मुद्दे होते, त्यांचं चॅरिटी कमिशन वगैरे, तिथे आपला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० घातला. याला मला तीन आठवडे लागले, रात्री जेवणं आटोपल्यावर बसायचे. पण नंतर तीच ओळ वाचली तर उत्तरं बदलली. निर्णय कोण घेतं? बाई. कुठे लिहिलेलं असतं? कुठेच नाही. पूर्णची खूण खोडून नाही अशी झाली.

बाई म्हणजे आमच्या संस्थापक. महापालिकेच्या शाळेतून रिटायर झाल्या आणि दुसऱ्या महिन्यात वस्तीत सतरंजी टाकून शिकवायला बसल्या, संस्था नंतर रजिस्टर झाली. आज चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. नेतृत्वाच्या विषयात एक प्रश्न होता, मराठीत मी तो असा लिहिला होता, "संस्थेतला सगळ्यात महत्त्वाचा माणूस सहा महिने येऊ शकला नाही तर काम कोण आणि कसं चालवेल?" वाचताना माझा आवाज बारीक झाला कारण सगळ्यांना कळलं होतं प्रश्न कुणाबद्दल आहे. बाईंना लागलं. म्हणाल्या, "म्हणजे मी जायची वाट बघताय का?" आणि उठून आत गेल्या. त्या दिवशी पुढे काही झालं नाही, आम्ही पोहे तसेच टाकून घरी गेलो.

मंगळवारी संध्याकाळी बाई अभ्यासिकेत आल्या, पिशवीतून एक लाल डायरी काढली आणि माझ्या हातात दिली. त्यात इतक्या वर्षांचे देणगीदार होते, बाईंच्या अक्षरात. कोण मुलाच्या वाढदिवसाला देतं, कुणाच्या आईच्या नावाने देणगी आहे आणि पावतीवर ते नाव आलंच पाहिजे, कोणत्या काकांना दुपारी एक ते चार फोन करायचा नाही, कोणाकडे स्वतः जाऊन तिळगूळ द्यावा लागतो. संस्थेच्या ऑफिसात यातलं एक अक्षर नव्हतं. बाई आजारी पडल्या असत्या तर आमचं निम्मं उत्पन्न त्या डायरीबरोबर पिशवीत राहिलं असतं. आम्ही दोघी तीन संध्याकाळ बसून एक्सेलमध्ये घातलं सगळं, बाई सांगायच्या आणि मी टाइप करायचे, आणि मध्येच एखाद्या नावावर थांबून त्या माणसाची गोष्ट सांगायच्या, तीही शेरा म्हणून लिहून घेतली.

पुण्यात संस्था काढायची परंपरा काय सांगायची, सार्वजनिक सभा १८७० ची, अण्णासाहेब कर्व्यांची, पुढे हिंगण्याला गेलेली संस्था १८९६ ची, गोखल्यांची भारत सेवक समाज संस्था १९०५ ची, रमाबाई रानड्यांचं सेवासदन १९०९ चं. काढणारी माणसं गेली आणि काम पुढच्यांनी उचललं. आमच्यासारख्या वस्तीतल्या शंभर संस्था मात्र एका बाईंवर किंवा एका सरांवर उभ्या असतात, आणि हा विषय काढणं म्हणजे त्या माणसाचा अपमान असं सगळ्यांना वाटतं म्हणून कुणी काढतच नाही. कागदावर छापलेला प्रश्न असल्यामुळे तो काढता आला. मी माझ्या तोंडाने बाईंना हे कधीच विचारू शकले नसते.

आता पुराव्याचा रकाना. माझ्या मते सगळी किंमत याच्यात आहे. नुसतं हो-नाही असेल तर माणूस हो म्हणतो, त्यात खोटेपणा नसतो, आपल्याला मनापासून तसं वाटत असतं. पण शेजारी "पुरावा काय? आत्ता दाखवा" असं असलं की उठून कपाटापाशी जावं लागतं.

उदाहरण सांगते. "मुलांची नियमित नोंद ठेवली जाते" यावर आम्ही खुशाल पूर्ण लिहिलं. पुरावा म्हणून हजेरीपट काढले, अप्पा बळवंत चौकातून दर जूनला आणतो ते लांब निळ्या पुठ्ठ्याचे. एका व्हॉलंटियरने, इंजिनिअरिंगचा मुलगा आहे, मोबाईलवर बेरीज करायला घेतली. आमच्या अहवालात दरवर्षी छापलेलं असायचं, "११८ मुले लाभ घेतात". जूनमध्ये ११८ नावं होती हे बरोबर आहे. पण रोज बसलेल्या मुलांची सरासरी आली ७१. दिवाळीनंतर तर साठीच्या घरात. हजेरीपटात पुढची पुढची पानं बघितली तर काही नावांपुढे नोव्हेंबरपासून नुसत्या रेघा, आणि ती बहुतेक आठवी-नववीची मुलं. आम्ही रोज खोलीत असतो, आम्हाला दिसत होतं की आठवीच्या बाकावर गर्दी कमी आहे, पण ते आकड्यात समोर आल्यावर जे वाटलं ते वेगळंच. त्यातल्या अकरा मुलांच्या घरी शिक्षिका जाऊन आल्या. चार मुलगे संध्याकाळी कामाला लागले होते, तीन मुलींच्या घरी धाकटी भावंडं सांभाळायची होती, बाकीच्यांचं वेगवेगळं. मग मुलींसाठी आम्ही भावंडांना सोबत आणायला परवानगी दिली, एका कोपऱ्यात सतरंजी आणि खेळणी ठेवली, तीनपैकी दोघी परत यायला लागल्या. कामाला लागलेल्या मुलांचं अजून नीट जमलेलं नाही, रविवारी सकाळी वेगळा वर्ग घेतो त्याला दोघं येतात.

पुढच्या अहवालात आम्ही दोन्ही आकडे छापले, नोंदणी ११८ आणि रोजची सरासरी ७१. यावर ट्रस्टींमध्ये चांगलाच वाद झाला. एका देणगीदारांनी फोन करून विचारलं की काम कमी झालं का, त्यांना बोलावून हजेरीपट दाखवला, त्यांनी रक्कम तेवढीच ठेवली. दुसऱ्या एकांनी कमी केली, तेही खरं आहे. मला तरीही वाटतं छापलं ते योग्य केलं.

पालकांचं आता सांगते. "ज्यांच्यासाठी काम करतो त्यांचं आम्ही ऐकतो", पूर्ण, असं आम्ही लिहिलं होतं, पुराव्यात लिहिलं पालक सभा होतात. त्या दिवशी बैठकीत ज्या आई बसल्या होत्या, चार घरची धुणीभांडी करून येतात, त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "सभेत तुम्हीच बोलता ना मॅडम." आणि पुढे सांगितलं की मागच्या महिन्यात एका शनिवारी वर्ग अचानक बंद होता, त्यांची मुलगी दाराला कुलूप बघून तासभर बाहेर पायरीवर बसली कारण आई कामावरून येईपर्यंत घरालाही कुलूप. आठ वर्षांची पोर. आम्हाला कुणालाच हे माहीत नव्हतं. शिक्षिका आजारी होती, तिने आम्हाला कळवलं होतं आणि आम्ही ग्रुपवर मेसेज टाकला होता, पण त्या आईंकडे साधा फोन आहे. आता दाराला फळा आहे, शेजारच्या किराणावाल्या काकांकडे दुसरी किल्ली आहे आणि वर्ग बंद ठेवायचा असेल तर आदल्या दिवशी मुलांच्या वहीत लिहून द्यायचं. पालक सभेतही पहिला अर्धा तास आम्ही बोलायचं नाही असं ठरवलंय. हे सगळं त्या एका आईंमुळे, त्या खोलीत नसत्या तर आमचा तो विषय पूर्ण म्हणून मिटला असता. म्हणून म्हटलं की फक्त ट्रस्टींनी बसू नका.

पैशाच्या विषयात आमचे खजिनदार काका, बँकेतून रिटायर झालेले, त्यांना मी घाबरून होते की त्यांना राग येईल. त्यांनीच आधी सांगितलं, "कॅश मीच मोजतो, मीच लिहितो, मीच कपाटात ठेवतो, बँकेत असं एक दिवस चाललं नसतं." आता मोजायला एक जण आणि लिहायला दुसरा, महिन्याच्या शेवटी तिसरा पेटीतली रक्कम वहीशी जुळवतो आणि सही करतो. व्हाउचरवर ज्याला पैसे दिले त्याची सही पाहिजेच, रिक्षाचं असलं तरी. देणगीच्या पावत्यांवर पॅन घ्यायचा नियम आम्ही ढिला ठेवला होता, तोही घट्ट केला, कारण १९६१ च्या इन्कम टॅक्स कायद्यातल्या ८०जी कलमाखाली, म्हणजे देणगीदाराला करसवलत मिळते त्या कलमाखाली, नोंदलेल्या संस्थांना देणगीदारांची यादी १०बीडी फॉर्ममध्ये ३१ मेपर्यंत भरावी लागते, ती भरली तरच देणगीदाराला १०बीई सर्टिफिकेट देता येतं, आणि उशीर झाला तर रोजचे २०० रुपये लेट फी. रोख २००० च्या वर दिले तर ८०जीची सवलत मिळत नाही हेही अजून खूप देणगीदारांना माहीत नसतं, आम्ही ते पावती पुस्तकाच्या मागेच छापून घेतलंय.

कारभाराच्या विषयात सगळ्यात मोठी चूक सापडली. आमचे एक ट्रस्टी काही वर्षांपूर्वी वारले, त्यांच्या जागी नवीन घेतले, ठराव झाला, मिनिट्समध्ये आहे. पण धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट, म्हणजे ट्रस्टी बदलल्याची लेखी माहिती, भरलाच नव्हता. विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ प्रमाणे बदल झाल्यापासून ९० दिवसांत तो द्यायचा असतो. पुरावा म्हणून शेड्यूल वनचा, म्हणजे आयुक्तांकडच्या ट्रस्टच्या नोंदीचा, उतारा काढून आणला तर त्यावर अजून वारलेल्या ट्रस्टींचंच नाव. म्हणजे आमचे नवीन ट्रस्टी इतकी वर्षं सह्या करत होते आणि रेकॉर्डवर ते नव्हतेच. वकील करून विलंब माफीच्या अर्जासकट रिपोर्ट दाखल केला, त्याला वेळ लागला आणि खर्चही झाला. तुमच्या संस्थेत गेल्या काही वर्षांत कुणी ट्रस्टी बदलले असतील तर बाकी काही करू नका, आधी जाऊन शेड्यूल वन बघा. खूप संस्थांचं हे राहिलेलं असतं.

आणि एक, साधनांच्या विषयातला. "महत्त्वाची कागदपत्रं सुरक्षित ठेवली आहेत का?" २०१९ च्या २५ सप्टेंबरच्या रात्री आंबिल ओढ्याला जो पूर आला तो आमच्याकडच्या लोकांना काही सांगायला नको, अभ्यासिकेत छातीपर्यंत पाणी होतं. वस्तीतल्या घरांचं जे झालं त्यापुढे आमचं काहीच नाही. पण कपाटाच्या खालच्या कप्प्यातली रजिस्टरं, ऑडिटच्या फाईली, पावती पुस्तकं सगळं भिजलं, आम्ही आठ दिवस शेजारच्या गच्चीवर एकेक पान सुटं करून दगड ठेवून वाळवलं, त्या पानांना अजून चिखलाचा वास येतो. तर हा प्रश्न आला तेव्हा सगळे एकदम कपाटाकडे बघायला लागलो. त्याच जागी, त्याच कपाटात, त्याच खालच्या कप्प्यात आम्ही ते सगळं परत लावून ठेवलं होतं. पाच वर्षं. त्याच दुपारी वरच्या फळीवर हलवलं आणि महिन्याभरात स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवलं.

मुलांच्या सुरक्षिततेबद्दल थोडक्यात लिहिते कारण हे प्रत्येक संस्थेने लगेच बघावं असं आहे. व्हॉलंटियर येतात, त्यांचे कागद आपण बघत नाही, चांगल्या घरची मुलं आहेत म्हणून सोडून देतो. आता आम्ही ओळखपत्र, दोन जणांची ओळख आणि पोलीस व्हेरिफिकेशन घेतो, कुठलाही मोठा माणूस एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत बसत नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्यात गुन्हा घडल्याचं कळूनही न कळवणं हाही गुन्हा आहे, हे सगळ्या शिक्षिकांना बसवून समजावलं. दहा किंवा जास्त कर्मचारी असले की लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती बंधनकारक आहे, आणि त्या कायद्यात व्हॉलंटियरही कर्मचाऱ्यांत मोजतात. दहापेक्षा कमी असतील तर तक्रारीसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते, तिची माहिती आता भिंतीवर आहे.

आता जे आवडलं नाही ते. वेळ खूप जातो, अकरा विषय म्हणता म्हणता वर्ष सरतं आणि मध्ये परीक्षा, गणपती, दिवाळी येते, आमच्या तीन बैठका नुसत्या गणपतीने खाल्ल्या. काही विधानं एकमेकांत इतकी मिसळलेली आहेत की तेच तेच परत लिहितोय असं वाटतं, नियोजन आणि नेतृत्व यात तर मला शेवटपर्यंत नीट फरक करता आला नाही. कामाच्या परिणामाचा विषय सगळ्यात शेवटी ठेवलाय, तिथपर्यंत माणसं दमलेली असतात, आणि तोच खरा विषय. माझं स्पष्ट मत आहे की तो पहिला घ्यावा. आणखी एक, कागद व्यवस्थित झाले म्हणून शिकवणं सुधारत नाही. सगळे विषय पूर्ण असलेल्या संस्थेतही चौथीच्या मुलाला भागाकार येत नसेल हे शक्य आहे, हे स्टँडर्ड तुम्हाला विचारेल की तुम्ही मोजता का, पण कसं शिकवायचं हे ते सांगणार नाही. त्यासाठी वेगळंच काम करावं लागतं.

आणि सगळ्यात वाईट अनुभव कन्सल्टंटचा. सुरुवातीला आम्हाला वाटलं कुणीतरी जाणकार घ्यावा, एकांना भेटलो. त्यांनी पहिल्याच भेटीत चौदा पॉलिसींचा संच तयार मिळेल म्हणून सांगितलं, मुलांची सुरक्षा, आर्थिक व्यवहार, तक्रार निवारण, सगळं, नुसतं वर संस्थेचं नाव टाकायचं. नमुना म्हणून एक पाठवली, त्यात तिसऱ्या पानावर दुसऱ्याच कुठल्यातरी संस्थेचं नाव तसंच राहिलेलं. तक्रार आली तर ती "रीजनल मॅनेजर"कडे द्यावी असं लिहिलेलं होतं, आमच्याकडे कसला रीजनल मॅनेजर. पैसे देऊन असली फाईल कपाटात ठेवली असती तर पुराव्याच्या रकान्यात लिहायला मिळालं असतं, पण ती मुलगी पायरीवरच बसलेली राहिली असती. आमची तक्रारीची पॉलिसी आता दीड पानाची आहे, मराठीत, शिक्षिकांनी लिहिलेली, आणि मावशींनाही वाचता येते.

बरेच जण विचारतात की दर्पणचा नंबर आहे, मग हे कशाला. नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण पोर्टलवरचा नंबर म्हणजे नोंदणी झाली एवढंच, ८०जी म्हणजे इन्कम टॅक्सची सवलत, आणि तीही २०२१ च्या एप्रिलपासून कायमची राहिलेली नाही, मुदत संपली की रिन्यू करावी लागते. यातलं काहीही तुमचं काम चांगलं आहे असं म्हणत नाही. आयएसओ ९००१ ची पाटी लावलेल्या संस्था पण असतात, ते कुठल्याही प्रकारच्या कामाला लावता येणारं सर्वसाधारण स्टँडर्ड आहे, आणि आयएसओ स्वतः कुणाला सर्टिफिकेट देत नाही, ते देणाऱ्या कंपन्या वेगळ्या असतात, त्यामुळे पाटी कुणी दिली ते बघा. गाइडस्टार इंडिया या संस्थेकडेही सर्टिफिकेशनचे टप्पे आहेत, ते माहिती उघड करण्यावर भर देतात, देणगीदारांना दाखवायला चांगलं आहे, आमचं सध्या तेच करायचं चाललंय. सीएसआरसाठी, म्हणजे कंपन्या सामाजिक कामाला देतात त्या पैशासाठी, मात्र फायदा लगेच दिसला. हिंजवडीतल्या एका कंपनीने तीन वर्षांचे ऑडिट, सीएसआर-१ ची, म्हणजे असा पैसा घ्यायला लागणारी, नोंदणी, मुलांच्या सुरक्षेचं धोरण, ट्रस्टींची यादी असं सगळं मागितलं, पूर्वी यासाठी मी रजा काढून कागद गोळा करत फिरले असते, यावेळी दोन दिवसांत पाठवलं. पैसे अजून मिळालेले नाहीत, त्यांची माणसं बघून गेलीत.

खर्चाचं म्हणाल तर झेरॉक्स, फाईली, रजिस्टरं, स्कॅनिंग मिळून साडेतीन हजारांच्या आत, वकिलाची फी वेगळी. बाहेरून परीक्षक बोलावून शिक्का घ्यायचा तर त्याचे पैसे लागतात, आम्ही अजून तिथे गेलेलो नाही आणि मला त्याची घाईही वाटत नाही. कुणासाठी चांगलं? ज्यांचं काम चार-पाच वर्षांचं झालंय, थोडे पैसे आणि थोडी माणसं आहेत, आणि सगळं कुणा एकाच्या डोक्यात आहे, त्यांच्यासाठी. काल-परवा सुरू झालेल्या ग्रुपने याच्या मागे लागू नये, त्यांनी फक्त हजेरी, पैशाची वही आणि मुलांची सुरक्षा एवढं धरावं. आणि जिथे प्रमुखाला ऐकून घ्यायची तयारी नाही तिथे हे करू नका, नुसती भांडणं होतील. आमच्या बाईंनी डायरी आणून दिली म्हणून आमचं पुढे गेलं.

मी पाचपैकी चार देईन. एक कापला तो भाषेसाठी आणि परिणामाचा विषय शेवटी टाकल्याबद्दल. आमचं आजचं चित्र सांगायचं तर पहिल्या फेरीत ज्या ६३ विधानांवर आम्ही मूळ पूर्ण लिहिलं होतं, पुरावा मागितल्यावर त्यातली २९ च टिकली. दुसऱ्या फेरीत ती ४४ झालीत. "शिकणं" या विषयात अजून जवळजवळ सगळं अर्धवट आहे, शिक्षिकांच्या ट्रेनिंगला आम्ही वर्षभरात काहीच केलेलं नाही.

मराठीत केलेला तक्ता अभ्यासिकेत आहे, बत्तीस पानं, कुणाला पाहिजे असेल तर झेरॉक्स काढून घ्या, पैसे नकोत. महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी सकाळी नऊला आम्ही बसतोच, नुसतं बघायला आलात तरी चालेल. येताना तुमच्या संस्थेचा एक हजेरीपट आणि शेवटचं मिनिट बुक घेऊन या.